बरणीत न मावलेला डोळा

सन 1735, सप्टेंबर महिना. तुम्ही ॲमस्टरडॅममध्ये आल्बर्टस सेबा या औषधविक्रेत्याच्या घरात शिरता आणि मद्यार्काचा दर्प नाकात जातो. खलाशांना औषधं पुरवता पुरवता सेबानं त्यांच्याकडून देशोदेशीचे साप, शिंपले, मासे जमवलेत. बरण्यांच्या रांगेपुढे तिशीचा एक स्वीडिश माणूस माशाच्या परातले काटे मोजतोय. हा पीटर आर्टेडी, निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा जिवलग मित्र. त्याला हाक मारू नका, मोजणी चुकेल.

तुम्ही एक बरणी उजेडात धरा. आत वीतभर लांबीचा सडपातळ मासा आहे. डोकं चपटं, डोळे कपाळाच्या वर आलेले. प्रत्येक डोळ्यावर एक काळसर आडवा पट्टा, त्याच्या वर एक बाहुली, खाली दुसरी. म्हणजे डोळे चार? नाही, दोनच, भिंगही प्रत्येक डोळ्यात एकच. मग ही वाटणी कशासाठी? बरणीत तर डोळ्याच्या वरही मद्यार्क आणि खालीही मद्यार्क.

उत्तर हवं तर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुरिनाम नदीच्या मुखाशी जावं लागेल. ही डचांची वसाहत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर पिकलेली साखर इथून ॲमस्टरडॅमला जाते.

आता तुमचे पाय गुडघाभर चिखलात आहेत. मागे खारफुटी, समोर गढूळ पाणी. भरती लागलीय आणि पाण्याच्या अगदी कडेनं बुडबुड्यांच्या जोड्या सरकत येताहेत. नीट बघा, ते बुडबुडे नव्हेत, बरणीतल्या त्याच माशाचे, ॲनाब्लेप्सचे, डोळे आहेत. थवाच्या थवा पृष्ठभागाला चिकटून चाललाय. पाण्याची रेघ नेमकी त्या काळ्या पट्ट्यावर येते. वरची बाहुली हवेत, खालची पाण्यात.

एक मासा हातभर अंतरावर थांबतो. तो या घडीला आकाशातला बगळाही पाहतोय आणि पाण्याखालचा चिखलही. हवेतून आलेला प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरच बराच वळतो, म्हणून त्याच्या वाट्याला भिंगाची कमी फुगीर बाजू येते. पाण्यातून आलेला प्रकाश त्या पडद्यावर जवळजवळ वळतच नाही. तो भिंगाच्या लांबट, जास्त गोलाईच्या बाजूनं जातो. वरचं दृश्य दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर उमटतं, खालचं वरच्या भागावर. मध्येच मासा डोकं बुडवून वर काढतो. पापण्या नाहीत, तेव्हा हवेतला डोळा ओला ठेवायचा हाच मार्ग.

तुम्ही हात हलवलात. संपलं! अख्खा थवा फटाफट उड्या मारत पांगला.

थोडं थांबा, ते परत येतील, कारण भरती हीच त्यांची जेवणाची वेळ. पाणी चढेल तसे ते खारफुटीत शिरतात. मुळांवरचं लाल शेवाळ खरवडतात, लहान खेकडे आणि पाण्यावर पडलेले किडे गट्ट करतात. एखादा तर आपल्याकडच्या खाडीतल्या निवट्यासारखा चिखलावर येऊन चरतो. ओहोटी लागली की पाण्याबरोबर माघारी.

आता ती पोट फुगलेली मादी पाहा. ती अंडी घालणार नाही. नराच्या गुदाजवळच्या पराची नळी झालेली असते आणि ती एका बाजूला वळते. मादीचं जननद्वारही एका खवल्याआड, एकाच बाजूला उघडतं. कुणाचं उजवीकडे, कुणाचं डावीकडे. उजव्या नराची जोडी डाव्या मादीशी जमते, असं पुस्तकं फार दिवस सांगत आली आहेत. फलन झाल्यावर भ्रूण अंडाशयातल्या पुटकातच वाढतो. बलकाची शिदोरी अगदी तुटपुंजी. बाकी सगळं पोषण तो आईकडून, पोटाच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पिशवीवाटे शोषून घेतो. जन्मेपर्यंत त्याचं शुष्क वजन हजारो पटींनी वाढतं. पिल्लं बाहेर येतात ती बोटाच्या दोन-तीन पेरांएवढी, डोळ्यांच्या वाटणीसकट.

परत ॲमस्टरडॅमला जाल तेव्हा टेबल रिकामं असेल. 27 सप्टेंबरच्या रात्री सेबाकडून घरी जाताना आर्टेडी कालव्यात पडून बुडाला. त्याचं मत्स्यशास्त्र लिनियसनं 1738 मध्ये छापलं. पुढे 1758 मध्ये लिनियसनं या माशाला 'कोबिटिस' प्रजातीत, म्हणजे तळाशी चिखल चाळणाऱ्या माशांच्या पंगतीत बसवलं. ज्याचं सारं आयुष्य पाण्याच्या वरच्या कडेला जातं, त्याची ही जागा! आज तो गप्पीच्या गणात आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण हौदात सोडतो ते गप्पीही पिल्लंच घालतात, त्यांच्याही नराचा तोच पर मीलनाच्या कामी येतो. शरीर मापून आर्टेडीसारखा माणूस खूप काही सांगू शकतो. पण दोन बाहुल्यांमधली रेघ कशाची, हे कळायला मासा अर्धा पाण्याबाहेर असावा लागतो, आणि जिवंत.