बोट आणि रबर

धाराशिवास माझ्या नातीच्या दातांना तारा बसविल्या आहेत. दोन दिवस ती रबरी कडी लावावयास विसरली व तिसऱ्या दिवशी दोन कड्या चढवून बसली. तेव्हा तिला इतिहास सांगावा लागला.

दुधाच्या दातामागून आलेला नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने लोटावा, असे रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहिले. १८४४ साली गुडइयरला रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले. १८९३ च्या सुमारास अमेरिकेतील दंतवैद्यांनी वरचा व खालचा जबडा रबराने जोडिला. बोटाचे काम कडीकडे आले. ‘रोज’ हा शब्द तसाच राहिला. लाळेने रबर सैलावते, म्हणून कडी रोज नवी हवी. दात सरकतो तो हलक्या, अखंड ओढीने. दुप्पट ओढीने मुळास इजा पोचू शकते.

नातीने मुकाट्याने एक कडी काढिली.