सकाळची शाळा, परीक्षा आणि वर्ध्याची टकळी

शालेय वर्षाच्या अखेरीस मुलांचे लक्ष वर्गात टिकवणे हा नागपुरात अध्यापनाइतकाच ऋतूचाही प्रश्न आहे, कारण वार्षिक परीक्षा आणि विदर्भाचे कडक ऊन येथे एकाच वेळी येतात. त्यावर रूढ झालेला उपाय म्हणजे ‘सकाळची शाळा’, म्हणजेच दुपारची वेळ सोडून सकाळी सातच्या सुमारास भरणारी आणि ऊन चढण्याआधी सुटणारी शाळा. या उपायाने मुलांचा उन्हापासून बचाव झाला. मात्र अभ्यासाची ओढ परीक्षेवरच अवलंबून राहिली आणि शेवटचा पेपर संपताच वर्ग ओस पडू लागले.

या अवलंबित्वावर मूलगामी विचार झाला तो नागपूरलगतच्या वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’, म्हणजे हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावयाचे शिक्षण, ही कल्पना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. त्यात वर्षाला २८८ कामाचे दिवस आणि रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी धरली होती. प्रचलित परीक्षापद्धतीला मात्र समितीचा स्पष्ट विरोध होता. टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर, मूल पेळूतून सूत काढी, चार फुटांचा एक तार या मापाने ते मोजी आणि ६४० तारांची गुंडी पुरी करी. गणित त्या मोजणीतून, तर भूगोल कापसाच्या शेतातून शिकवावा, अशी ही योजना होती. मध्य प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या गावशाळांची ‘विद्यामंदिर योजना’ आखली. परंतु नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तिच्यामागचे राजकीय बळ सरले.

पुढे शिक्षणव्यवस्था पुन्हा परीक्षेभोवतीच फिरत राहिली. परीक्षा लवकर आटोपून शाळा रिकाम्या पडू नयेत, म्हणून २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या, तेव्हा विदर्भातून उन्हाच्या कारणास्तव विरोध झाला. परीक्षा पुढे ढकलल्याने मुले शाळेत येतात, पण त्यांचे मन तेथे रमेलच असे नाही. मुलाच्या हातात त्याचे स्वतःचे, अजून पुरे व्हायचे असलेले काम असेल, तर शेवटच्या दिवसालाही अर्थ राहतो, हा वर्ध्याच्या प्रयोगाचा विचार नागपूरच्या शाळांनी आजही मनावर घ्यावा असा आहे.