मांडल यांचा तगादा

तिमिंगल तारकासमूहाच्या दिशेस, अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडे, एबेल ३७० नावाचा प्रचंड दीर्घिकासमूह आहे. त्याच्या गाभ्याजवळ जी निळसर, धनुष्याकृती प्रकाशरेषा दिसते, तिचा इतिहास कोणत्याही दुर्बिणीपासून नव्हे, तर १९३६ साली प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्या भेटीस गेलेल्या रुडी मांडल या चेक अभियंत्यापासून सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे.

सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे १९१९ च्या ग्रहणात प्रत्ययास आलेच होते; तेव्हा एखादा तारा आपल्यामागील ताऱ्याचा प्रकाश भिंगाप्रमाणे का एकवटू नये, असा मांडल यांचा सवाल होता आणि त्याचे गणित प्रसिद्ध व्हावे, असा तगादा. आइन्स्टाइन यांनी भिडेखातर ‘सायन्स’मध्ये छोटेसे टिपण दिले, परंतु हा चमत्कार प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याची फारशी आशा नाही, असा शेराही मारला. वस्तुतः हेच गणित त्यांच्या १९१२ च्या सुमारास लिहिलेल्या वहीत पडून होते; इतिहाससंशोधकांनी ते १९९७ साली उजेडात आणले.

एकट्या ताऱ्यापुरता तो शेरा त्या काळी रास्तच होता. मात्र मांडल यांनी ही कल्पना दूरचित्रवाणीचे संशोधक झ्वोरिकिन यांच्याही कानी घातली होती. त्यांच्याकडून ती खगोलज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांस कळली, आणि झ्विकी यांनी १९३७ साली ताऱ्याच्या जागी अखंड दीर्घिका घेऊन सारा हिशेबच पालटला. कारण वस्तुमान जितके अफाट, तितक्या प्रतिमा एकमेकींपासून दूर फाकतात आणि दुर्बिणीच्या आवाक्यात येतात.

पुढे अर्धे शतक गेले. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत खगोलज्ञ लिंड्स व पेट्रोशियन यांनी आणि फ्रान्समधील तुलूझच्या सुकाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी एबेल ३७० मधील त्या प्रकाशरेषेसारख्या कमानी स्वतंत्रपणे जाहीर केल्या.  एबेल ३७० मधील कमान समूहातलीच की मागची, हा वाद तुलूझकरांनीच मिटविला: कमानीच्याच वळणाची वक्र फट कोरून त्यांनी तिचा वर्णपट घेतला, तेव्हा समूहाची ताम्रसृती (ती जितकी अधिक, तितके अंतर मोठे) ०.३७५ असताना कमानीची ०.७२४ भरली, म्हणजे ती कितीतरी मागच्या दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा ठरली. अशाच कमानींवरून आज समूहांतील अदृश्य द्रव्याचे वजन काढले जाते.

आइन्स्टाइन यांच्या टिपणातील पहिल्याच वाक्यात मांडल यांचे नाव आहे; आमच्या पाठ्यपुस्तकांनी ते गाळू नये.