शिरोरेषा सरळ ठेवणाऱ्यांची कुळकथा

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडे आहेत. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकि रामायणही तिथेच आहे. अक्षर कसे काढावे याचे समर्थांचे नियम दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या पहिल्या समासात येतात. पान आधी शिशाने आखून घ्यावे आणि त्यावर नेमके लिहावे. ओळींतले अंतर कमीजास्त होऊ नये, एका ओळीच्या मात्रा-वेलांट्या दुसऱ्या ओळीला लागू नयेत, पहिल्या अक्षराचा जाडपणा ग्रंथ संपेपर्यंत टिकावा. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर मराठी गुळगुळीत उमटवणाऱ्यांना जवळजवळ हेच सगळे पुन्हा करावे लागले, आणि त्यातली आखणी सर्वांत अवघड ठरली.

अडचण शिरोरेषेची. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. त्यांतले एखादे किंचित वरखाली झाले तर चटकन लक्षात येत नाही. आपल्या लिपीत एक अक्षर पिक्सेलभर सरकले की सबंध शब्दाची रेघ मोडते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांनाही हा त्रास होता, पण तिथे शाई थोडी पसरून सांधा झाकायची. पडद्यावर शाई पसरत नाही.

युनिक्सच्या खिडक्या रंगवणारी एक्स विंडो प्रणाली 1984 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. तिचे सुरुवातीचे फॉन्ट म्हणजे ठिपक्यांचे नमुने होते. पिक्सेल एकतर काळा किंवा पांढरा, त्यामुळे प्रत्येक वळणाला पायऱ्या दिसत. कीथ पॅकर्ड यांनी 2000 च्या सुमारास रेंडर आणि एक्सएफटी ही जोडी तयार केली, तेव्हा अक्षरांच्या कडांना करड्या छटा मिळाल्या आणि पायऱ्या विरघळल्या. शिरोरेषेचे मात्र उलटेच झाले. एका पिक्सेलच्या जाडीची रेघ दोन रांगांच्या मध्ये पडली की दोन्ही रांगा फिकट करड्या होतात. इंग्रजी सुधारले, मराठी धुरकट झाले.

यावरचा उपाय म्हणजे हिंटिंग: अक्षराची रूपरेषा पिक्सेलच्या जाळीवर नेमकी बसवणे, म्हणजेच शिशाने आखलेल्या ओळीवर लिहिणे. अॅपलच्या 1991 च्या ट्रूटाइप पद्धतीत त्यासाठीच्या सूचना फॉन्टमध्येच भरलेल्या असत. त्या वाचण्याच्या तंत्रावर अॅपलचे पेटंट होते. डेव्हिड टर्नर यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या फ्रीटाइप या मुक्त प्रकल्पाला म्हणून तो भाग मूळ बांधणीत बंद ठेवावा लागे. मग त्या मंडळींनी दुसरी वाट काढली: फॉन्टमधल्या सूचना न वाचता अक्षराचा आकार पाहून आखणी स्वतःच ठरवणारा ऑटोहिंटर. पेटंटची मुदत 2010 मध्ये संपली आणि बंद भाग खुला झाला, पण ही दुसरी वाटच आपल्या जास्त उपयोगी पडली. कारण भारतीय लिप्यांच्या अनेक मुक्त फॉन्टांत हाताने घातलेल्या चांगल्या सूचना नसत.

दरम्यान जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकाराची जागा पँगो या मजकूर मांडणाऱ्या मुक्त लायब्ररीने सांभाळली. मुंबईच्या एनसीएसटी संस्थेने इंडिक्स प्रकल्पातून एक्समध्ये भारतीय लिप्या आणायचे काम हाती घेतले, आणि 2004 मध्ये लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली आले. ऑटोहिंटरमध्ये भारतीय लिप्यांसाठी पहिली स्वतंत्र फाइल आली तिच्यावरची हक्कनोंद 2007 ची आहे. तिथे राहुल भालेराव हे नाव आणि रेड हॅट कंपनीचा ईमेल-पत्ता आहे. तिने चिनी-जपानी अक्षरांसाठी लिहिलेल्या कृतीच बऱ्याचशा उसन्या घेतल्या होत्या. पुढे देवनागरीला स्वतःची मापे मिळाली. आता ऑटोहिंटर क, म, अ, आ यांसारखी नमुन्याची अक्षरे मोजून शिरोरेषेची उंची ठरवतो. वरच्या मात्रांसाठी ई, ऐ, ओ, औ आणि तळासाठी उकार वेगळे मोजतो.

आज लिनक्सच्या फॉन्ट-सेटिंगमध्ये ‘स्लाइट’ नावाचा पर्याय असतो. तो अक्षराला फक्त उभ्या दिशेने जाळीवर बसवतो, रुंदीला हात लावत नाही. देवनागरीला हा पर्याय मानवतो, कारण आपली नाजूक रेघ आडवी आहे. ती ठिकाणावर आली की वळणे तशीच मोकळी राहिली तरी चालतात. जळगावच्या एखाद्या प्रयोगशाळेतल्या जुन्या, कमी पिक्सेलच्या मॉनिटरवर मराठी धूसर दिसत असेल, तर नवा पडदा घेण्याआधी हा पर्याय तपासून पाहावा. दाट पिक्सेलच्या फोनवर त्याची गरज उरत नाही. पण चोपडा-शिरपूरकडे अँड्रॉइड फोनवर वाचला जाणारा अहिराणी निरोपही फ्रीटाइपच रेखाटते. पेटंटने अडवले म्हणून थांबलेल्यांनी नव्हे, वळसा घालून पुढे गेलेल्यांनी ती वाढवली.