वर्धा खोऱ्यातील खुल्या कोळसा खाणी : भूस्तर आणि पर्यावरणाचा इतिहास

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाचा इतिहास आजवर बहुधा उत्पादनाच्या आकड्यांनी लिहिला गेला. किती टन कोळसा निघाला, तो कोणत्या रेल्वेने गेला, त्यातून किती वीज निर्माण झाली, याच्या नोंदी विपुल आहेत. कोळशासाठी जे बाजूला सारावे लागले, त्या माती, खडक आणि पाण्याचा उल्लेख मात्र त्रोटक आढळतो. खुल्या खाणीत कोळशापेक्षा त्यावरील थरच अधिक प्रमाणात हलवले जात असल्याने ही उणीव गंभीर ठरते. प्रस्तुत लेखात वर्धा खोऱ्यातील खाणींचा विचार या दृष्टीने केला आहे.

भूस्तरांची रचना

येथील कोळसा गोंडवाना खडकसमूहातील आहे. सर्वांत खाली तालचीर स्तर. १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या फेडन यांना चांद्याच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेच्या परिसरात, इरई गावाजवळ चुनखडकावर हिमनदीने ओढलेल्या रेघा आढळल्या. (हे गाव वेगळे आणि चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वेगळी.) आज उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या या भूमीवर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होता, याचा हा पुरावा होय. तालचीरवर बराकर स्तर असून कोळसा यातच आहे. येथील मुख्य थर काही ठिकाणी पंधरा मीटरहून अधिक जाड आहे. ह्यूजेस यांनी १८७७ मध्ये या क्षेत्राचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला.

बराकरच्या वर कामठी स्तर येतो. नागपूरजवळच्या कामठीवरून नाव मिळालेला हा वालुकाश्म भरड व सच्छिद्र असून पाणी धरून ठेवतो. परिसरातील अनेक विहिरींचे पाणी यातूनच येते. त्यावर नदीचा गाळ व काळी कसदार जमीन, तर पश्चिमेकडे दख्खनच्या बेसाल्टचे आवरण. सारांश, कोळसा उघडा करावयाचा तर आधी शेत आणि मग विहिरीचे पाणी ओलांडावे लागते. पुढील बहुतेक प्रश्नांचे मूळ या रचनेत आहे.

भूमिगत खाणीकडून खुल्या खाणीकडे

वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ पासून चालू होती. ती १९०६ मध्ये बंद झाली. त्यानंतर बल्लारपूरकडे लक्ष वळले. या खाणी भूमिगत होत्या. छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवावे लागत, त्यामुळे जाड थराचा मोठा भाग जमिनीतच राही. शिवाय येथील कोळसा हवेच्या संपर्काने आपोआप तापून पेट घेणारा. मागे राहिलेला कोळसा म्हणजे आगीचे निमंत्रणच. या पोकळ्या अद्याप इतिहासजमा झालेल्या नाहीत. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस येथील आमराई वॉर्डातील एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली.

१९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. १९८३ पासून चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाल्यावर मागणी दाराशीच आली. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस येथे खुल्या खाणी विस्तारल्या. खुल्या पद्धतीने थरातील बहुतेक कोळसा हाती येतो, कामगाराच्या डोक्यावर छत कोसळण्याचे भय राहत नाही. केवळ नफ्यासाठी ही पद्धत स्वीकारली गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु खाणीच्या आत जी जोखीम कामगार घेत होता, तिचे रूप पालटून ती खाणीबाहेरच्या गावांकडे सरकली, हेही तितकेच खरे.

पाणी, माती आणि वन

खाण कोरडी ठेवण्यासाठी कामठी वालुकाश्मातून झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. खाणीचा तळ विहिरींच्या तळापेक्षा कितीतरी खोल असल्याने भोवतालची भूजलपातळी खाणीच्या दिशेने उतरते. विहीर आटली तर शेतकऱ्याला कारण दिसत नाही. ते दूरच्या खड्ड्यात असते. भूसंपादनात जमिनीचा मोबदला ठरतो, पण जी जमीन संपादितच झालेली नाही तिच्या विहिरीचा हिशेब कोणत्या सदरात मांडावयाचा?

उपसलेल्या मातीचे प्रचंड ढिगारे इरई आणि वर्धा या नद्यांलगत उभे आहेत. पावसाने त्यांची माती पात्रात उतरते. चंद्रपूर शहराने २००६ व २०१३ मध्ये अनुभवलेल्या पुरांच्या चर्चेत इरईकाठच्या या ढिगाऱ्यांचा उल्लेख वारंवार झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथ्या क्रमांकावर होते. त्यात केवळ खाणींचा वाटा नाही, वीज केंद्र व इतर उद्योगही आहेत.

कायदा येथे उशिरा आला. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ ची, तर खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी कोळसा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची. तोवर अनेक ढिगारे उभे राहून त्यांवर झुडुपे माजली होती. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प येथून फार दूर नाही. या झुडुपांत बिबटे आणि वाघ आश्रय घेऊ लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्यानंतर या परिसरातील झुडुपे तोडण्याची मागणी पुढे आली. झुडुपे तोडली तर ढिगाऱ्याची माती पुन्हा उघडी पडते आणि पावसाळ्यात ती इरईच्या दिशेनेच जाते.