न जळणारा वायू, तरीही ‘विस्फोटक’: सिलिंडरच्या नियमांचा इतिहास

१/ नायट्रोजन जळत नाही. आर्गॉन, हेलियम, कार्बन डायऑक्साइड हेही जळत नाहीत. ऑक्सिजन इतर पदार्थांना जाळतो, स्वतः पेटत नाही. तरीही सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने एक अधिसूचना काढली आणि धातूच्या पात्रात दाबून भरलेल्या वायूला १८८४ च्या विस्फोटक कायद्याच्या कक्षेत आणले. न जळणारी वस्तू दारूगोळ्याच्या पंक्तीत का बसली? त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक शतक मागे जावे लागते.

२/ १८२३ मध्ये लंडनला मायकेल फॅरडे बंद काचनळीत वायू निर्माण करून त्याच्या स्वतःच्याच दाबाने त्याला द्रवरूप देत होता. नळ्या फुटत आणि काचांनी त्याच्या डोळ्यांना इजाही झाली. पण नळी लहान असल्यामुळे संकटही लहान होते.

३/ पॅरिसच्या तिलोरिए याने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. बिडाच्या जाड पात्रात तो खाण्याचा सोडा आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र करी. बाहेर पडण्यास वाट नसलेला कार्बन डायऑक्साइड आतच द्रवरूप होई. तोटी उघडताच शुभ्र हिम बाहेर पडे. १८३५ मध्ये जगाला प्रथमच या वायूचे घनरूप दिसले. आज त्याला ‘ड्राय आइस’ म्हणतात.

४/ पुढे हे उपकरण वर्गातील प्रात्यक्षिकांसाठी वापरले जाऊ लागले. १८४० च्या डिसेंबरअखेरीस पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयात ओस्मँ एर्वी हा तरुण प्रयोगसहायक ते चालवीत असता पात्राच्या ठिकऱ्या उडाल्या. गंभीर जखमी झालेला एर्वी वाचला नाही. आग कोठेच नव्हती. त्याचा बळी घेतला तो केवळ दाबाने.

५/ दोष दुहेरी होता. २० अंश तापमानाला द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेच्या दाबाच्या ५० पटींहून अधिक असतो आणि उष्णतेने तो झपाट्याने चढतो. दुसरे असे, की बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. ते आधी ताणले जात नाही, वाकत नाही, कसलीही सूचना न देता एकदम फुटते. त्यानंतर बिडाऐवजी शिसे, तांबे आणि घडीव लोखंडाचे पट्टे यांनी बांधलेली पात्रे पुढे आली.

६/ उत्तम उपाय मिळाला तो पोलादाच्या रूपाने. १८८५ च्या सुमारास जर्मनीतील मान्समान बंधूंनी बिनजोड पोलादी नळी घडवण्याची रीत काढली. १८८६ मध्ये लंडनला ब्रिन बंधूंची ऑक्सिजन कंपनी उभी राहिली आणि वायू हा बाजारातला माल झाला. सिलिंडर आगगाडीने गावोगाव जाऊ लागले आणि स्फोटही त्यांच्यामागून गेले. अखेर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने १८९६ मध्ये सिलिंडरच्या सुरक्षिततेविषयी अहवाल दिला.

७/ सिलिंडरची चाचणी पाण्याने का घेतात? पाणी जवळजवळ दबत नाही. त्यामुळे चाचणीत पात्र फुटले तरी आत साठलेली ऊर्जा थोडी असते. वायूने तीच चाचणी घेतली, तर फुटणारे पात्र बॉम्बसारखे वागेल. भारतात सामान्यतः दर ५ वर्षांनी ही जलदाब चाचणी होते आणि तिची तारीख सिलिंडरवर ठोकलेली असते.

८/ सुमारे ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर ऑक्सिजन मावतो. आतला दाब हवेच्या साधारण १५० पट असतो. सिलिंडर आडवा पडून मानेवरचा व्हॉल्व्ह तुटला, तर तोच सिलिंडर अग्निबाणासारखा सुटतो. म्हणून वाहतुकीत त्यावर टोपी घालतात आणि साठवताना तो साखळीने बांधून उभा ठेवतात. उन्हात ठेवू नये, या सूचनेमागे एर्वीच्या पात्रातलाच उष्णता आणि दाब यांचा संबंध आहे.

९/ ऑक्सिजनचा धोका निराळा आहे. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल किंवा ग्रीसचा संपर्क आला, तर ठिणगीवाचूनही आग लागू शकते. इतर यंत्रांत व्हॉल्व्ह घट्ट बसला की कारागीर त्याला तेल देतो. येथे तीच सवय जीवघेणी ठरते.

१०/ अदलाबदलीचा धोकाही मोठा होता. म्हणून ज्वलनशील वायूंच्या व्हॉल्व्हला उलटे आटे आणि अज्वलनशील वायूंना सुलटे, अशी रीत रूढ झाली. रुग्णालयांसाठी १९५० च्या दशकात खुंट्यांची पद्धत आली. प्रत्येक वायूची छिद्रे वेगळ्या जागी असल्याने चुकीचा सिलिंडर जोडणीवर बसतच नाही. भारतात वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचे खांदे पांढरे असतात. नायट्रस ऑक्साइडचा निळा असतो.

११/ नायट्रोजन आणि आर्गॉन यांना वास नाही, रंग नाही. बंद खोलीत त्यांची गळती झाली, तर ते ऑक्सिजनची जागा घेतात. माणसाला गुदमरल्याची जाणीव होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. येथे तो उच्छ्वासातून बाहेर पडत राहतो, म्हणून धोक्याची जाणीवच होत नाही. सिलिंडर हवेशीर जागी ठेवण्याच्या नियमाचे मूळ येथे आहे.

१२/ १९३८ च्या अधिसूचनेपाठोपाठ १९४० मध्ये भारतात गॅस सिलिंडर नियम आले. १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात आहे.

१३/ २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या साठवणटाकीतून गळती झाली. भडका उडाला नाही, टाकीच्या ठिकऱ्या झाल्या नाहीत. पुरवठ्याचा दाब ओसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. पॅरिसमध्ये दाब वाढल्याने जीव गेला होता. नाशिकमध्ये तो घटल्याने गेले.

१४/ ‘अज्वलनशील’ हा शब्द वायू पेटेल की नाही, एवढेच सांगतो. तो सुरक्षित आहे की नाही, हे सांगत नाही. दाब, गुदमर आणि ऑक्सिजनची दाहकता या गोष्टी त्या शब्दाच्या बाहेर राहतात. १९३८ च्या अधिसूचनेने म्हणूनच वायू जळतो की नाही हे पाहिले नाही. तो कशात आणि कसा भरला आहे, एवढेच पाहिले.