मानमोडीची वाट

शिवडीसमोर, खाडीच्या पूर्वतीरावर वसलेले कोळी-आगऱ्यांचे माहुल १९१८ साली सरकारदफ्तरी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी भागात मोडत होते, मुंबई शहरात नव्हे. परंतु मासळी आणि मीठ ज्या वाटांनी शहरात जाई, त्याच वाटांनी शहराचे दुखणे परत येण्यास जिल्ह्याच्या हद्दीचा अटकाव नव्हता.

त्या वर्षी १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एकाची नेमणूक गोदीवर होती. मे महिन्याच्या अखेरीस बंदरात आलेल्या जहाजाच्या खलाशांनी हा रोग आणला, असे नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत होते. सरकारचे म्हणणे नेमके उलट, की खलाशांनाच त्याची बाधा शहरात झाली. हा वाद चालू असतानाच आगगाडीच्या उतारूंनी मानमोडी, म्हणजेच इन्फ्लुएन्झाची ही साथ, मुंबईबाहेर नेली.

अशा साथीचा, श्वासावाटे पसरणारा विषाणू प्रत्येक नव्या देहात आपल्या असंख्य प्रती काढतो, त्या काढताना चुकतो, आणि त्या चुकांतून जे रूप अधिक सहजपणे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते तेच मागील रूपांना हटवून पुढे सरते. जून-जुलैची लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात परतलेली मात्र विलक्षण मारक ठरली, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे तिने विशेषेकरून नेली.

तथापि सारा दोष विषाणूच्या पालटलेल्या रूपावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. त्या साली पर्जन्याने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि चाळींच्या खोल्यांत आजाऱ्याला निराळे ठेवण्यास जागा नव्हती. म्हणूनच मुंबईत युरोपीयांमध्ये या रोगाने हजारी ८.३ माणसे दगावली, तर तत्कालीन दफ्तराने ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हणून नोंदले त्यांच्यात हजारी ६१.६. साथीचा घाव मुंबईपुरता नव्हता: आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची लोकसंख्या १९११च्या खानेसुमारीत २ कोटी १५ लक्षांच्या घरात होती. १९२१ साली ती २ कोटी ८ लक्षांपर्यंत उतरलेली आढळली.

पुढे एका शतकाने, भारतात प्रथम आढळलेल्या आणि ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव मिळालेल्या करोना विषाणूच्या रूपाने काही महिन्यांत पृथ्वी पादाक्रांत केली. आता जहाजांची जागा विमानांनी घेतली आहे आणि माहुलात तेलशुद्धीकरणाचे कारखाने व विस्थापितांच्या दाटीवाटीच्या इमारती उभ्या आहेत. नवे रूप किती वेगाने येईल हे माणसाच्या दळणवळणावर अवलंबून असते. ते कोणाला किती महाग पडेल, हे मात्र पुष्कळ अंशी साथ येण्यापूर्वीच घर, अन्न आणि मजुरी यांनी ठरवून ठेवलेले असते.